सोनोग्राफीत ‘पीसीओडी’ आलंय, पण मला नेमकं काय झालंय हे कुणीच सांगत नाहीये (वय १६, पुणे)

नदीपात्र_ढोल
९ जुलै, रात्री ११.५२

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितेय. मी सोळा वर्षांची आहे, अकरावी सायन्सला, कोथरूडला राहते. हे लिहितेय ते आईला माहीत नाही, पण तिच्याविरुद्ध यात काही नाही.

मागच्या शुक्रवारी माझी सोनोग्राफी झाली. तांब्यावर तांब्या पाणी पिऊन तासभर पोट आवळून बसले होते. रिपोर्टमध्ये लिहिलंय की उजवी ओव्हरी (म्हणजे अंडाशय) १३ सीसी, डावी ११ सीसी, दोन्हींत कडेकडेने बारीक फॉलिकल्स, आणि खाली ठळक अक्षरांत ‘बायलॅटरल पॉलिसिस्टिक ओव्हरीज’. तो कागद घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी वाचला आणि आईकडे बघून म्हणाल्या, “पीसीओडी आहे. हल्ली सगळ्याच मुलींना असतं. सहा किलो वजन कमी करा, बाहेरचं खाणं बंद. बाकी लग्नाच्या वेळी बघू.” आणि गोळ्या लिहून दिल्या. मी आईच्या शेजारच्याच खुर्चीत होते. त्या एकदाही माझ्याशी बोलल्या नाहीत. लग्नाच्या वेळी काय बघायचं असतं, हे विचारायला मी तोंड उघडलं तोवर पुढची पेशंट आत आली.

औषधाच्या दुकानात त्या दादांनी चिठ्ठी बघून विचारलं, “या गर्भनिरोधक गोळ्या आहेत, कुणासाठी?” मागे चार माणसं उभी होती. आईने पैसे दिले, पाकीट पर्समध्ये टाकलं आणि घरी येऊन कपाटात ठेवून दिलं. ते अजून तिथेच आहे. त्यावर आम्ही बोललेलो नाही.

माझी पाळी आठवीत जूनमध्ये सुरू झाली, तेव्हा मी तेरा वर्षांची होते. आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर आई दुधाचा हिशोब लिहिते, त्याच चौकोनात मी पेन्सिलीने एक टिंब देते. आई जुनी कालनिर्णयं टाकत नाही, म्हणून मागच्या वर्षीचं काढून मोजलं. ४७ दिवस, ६२, ३९, ९४, ५१. आत्ता शेवटच्या टिंबाला ७० दिवस होऊन गेलेत.

अजून दोन गोष्टी आहेत, त्या मी डॉक्टरांनाही सांगितल्या नाहीत कारण त्यांनी विचारल्याच नाहीत. माझ्या हनुवटीखाली सात-आठ जाड काळे केस येतात. दर रविवारी सगळे उठायच्या आधी बाथरूमच्या खिडकीच्या उजेडात मी ते उपटते. क्लासमध्ये पहिल्या बाकावर बसायचं मी सोडलंय, तिथे ट्यूबलाइटचा उजेड थेट तोंडावर येतो. आणि माझी मान मागून काळी झालीये. आजी म्हणते अंघोळ नीट करत नाहीस. बेसन-दही झालं, लिंबू झालं, शेवटी घासणीने घासली. कातडी सोलवटली, रंग तसाच.

मला काय काय विचारायचंय ते सलग लिहिते, सांभाळून घ्या. सिस्ट म्हणजे गाठ ना? मग माझ्या पोटात डझनभर गाठी आहेत का आणि त्यांचा पुढे कॅन्सर होतो का? गेली दोन वर्षं गौरी-गणपतीत आईने मला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या दिल्या होत्या, पाच-सहा दिवस, त्याने हे झालं का? (आईला हे विचारायची माझी हिंमत नाही, तिला फार लागेल.) मी गेल्या वर्षीपासून ढोलपथकात आहे, नदीपात्रात सराव सुरू झालाय. ढोल कमरेला बांधतो, वाजवताना तो पोटावर आदळत राहतो. आत्याचं म्हणणं, त्यानेच आतलं बिघडलं, पथक बंद कर.

परवा मी आत फिजिक्सची गणितं करत होते आणि आत्या हळू आवाजात आईला म्हणाली, “पोरीला मूलबाळ होईल ना गं?” आईने काहीच उत्तर दिलं नाही. मला आत्ता मूलबाळ वगैरे काही डोक्यातही नाही. पण आई गप्प बसली ते ऐकल्यापासून मला झोप लागत नाहीये.

तळजाई_रोज
१० जुलै, सकाळी ६.१०

अगं, तुझं वाचून फिरायला जायची थांबले आणि आधी हे लिहायला बसले. मी आता ३२ ची आहे, सहकारनगरला राहते. मला हे सतराव्या वर्षी सांगितलं गेलं, आणि अगदी असंच, आईकडे बघून.

हनुवटीच्या केसांचं आधी बोलते, कारण ते कुणी बोलत नाही. मी अकरावीपासून कॉलेज संपेपर्यंत ओढणी गळ्याला गुंडाळून फिरले, मे महिन्यातसुद्धा. मैत्रिणीच्या लग्नात फोटो काढताना हनुवटीवर हात ठेवायची सवय लागली होती, जुने अल्बम बघितले की प्रत्येक फोटोत तो हात आहे. मला वाटायचं, जगात मी एकटीच. मग पुढे कळलं की माझ्या ओळखीच्या तिघी जणी हेच करत होत्या, चौघी एकाच वर्गात, आणि एकीनेही दुसरीला सांगितलं नाही. तू सोळाव्या वर्षी लिहून मोकळी झालीस हे मला किती बरं वाटलं सांगू.

केस उपटल्याने किंवा थ्रेडिंगने ते जास्त दाट होत नाहीत, ही भीती काढून टाक. पार्लरमध्ये जायची लाज वाटत असेल तर घरी छोटी कात्री वापर, उपटून उपटून मला तिथे पुटकुळ्या यायच्या आणि डाग राहायचे. औषधाने केसांवर फरक पडायला मला आठ-नऊ महिने लागले. दोन महिन्यांत काही होत नाही म्हणून मी एकदा मधेच सोडलं होतं, ते चुकलं.

वजनाचं. मला “वजन कमी कर” एवढंच सांगितलं होतं, म्हणून मी बारावीत एक वेळ जेवायची आणि रात्री बारा वाजता डब्यातली चकली-शेव फस्त करायची. वजन वाढलंच. शिवाय रोज रडू. नंतर मला एका ताईने तळजाईच्या टेकडीवर सोबत न्यायला सुरुवात केली, वजनाचं नाव न काढता, फक्त चालायला. वर्षभरात वजन चारच किलो उतरलं असेल, पण पाळी दोन महिन्यांवरून चाळीस दिवसांवर आली. काट्यावरचा आकडा फारसा हलला नाही तरी आत काहीतरी हलतं, हे तेव्हा कळलं.

आणि आत्याच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या घरात आत्ता झोपलंय, अडीच वर्षांचं आहे. गोळ्या लागल्या, चार महिने तपासण्या लागल्या. पण झालं. तू हे आज मनातून काढून ठेव, तुझी परीक्षा आहे.

निसर्गवाट
१० जुलै, सकाळी ९.३३

गोळ्या अजिबात घेऊ नकोस, सवय लागते आणि पुढे मूल होत नाही. माझ्या जावेच्या मुलीला एका काढ्याने तीन महिन्यांत सगळ्या गाठी विरघळल्या, सोनोग्राफी क्लिअर आली. मैदा, दूध, भात बंद कर. पत्ता हवा असेल तर कळव.

दोन_मुलींची_आई
१० जुलै, दुपारी २.०५

बाळा, मी सिंहगड रस्त्यावर राहते, माझी थोरली तुझ्याच वयाची. मला तुझ्या आईच्या जागी बसून एक सांगायचंय.

माझ्या मुलीलाही असाच सोनोग्राफीवरून पीसीओडी सांगितला होता. आम्ही वर्षभर तिच्या मागे लागलो: भात नको, झोप कमी कर, सूर्यनमस्कार घाल. ती दुपारी शाळेतून आली की सोफ्यावरच झोपायची, केस गळायचे, मला वाटायचं आळशीपणा. मी तिला रागाने बरंच बोलले आहे, ते शब्द आता परत घेता येत नाहीत. वर्षाने दुसऱ्या डॉक्टरांनी थायरॉइडची साधी तपासणी सांगितली. टीएसएच, म्हणजे थायरॉइडचा आकडा, ३८ निघाला, खूपच जास्त. पीसीओडी नव्हतंच. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी सुरू झाली, सहा महिन्यांत पाळी रांगेला लागली आणि पोरगी पूर्वीसारखी बडबड करायला लागली.

तुझं तसंच असेल असं मी म्हणत नाही, तुझी लक्षणं वेगळी आहेत. पण रक्ताच्या तपासण्या झाल्या आहेत का, हे तू लिहिलं नाहीस. झाल्या नसतील तर आईला हे माझं वाचून दाखव. आणि तुझी आई गप्प बसली ती उत्तर माहीत नव्हतं म्हणून बसली असणार. मला विचारलं असतं कुणी, तर मीही गप्पच बसले असते.

डॉ_सदाशिवपेठ
१० जुलै, रात्री १०.४०

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, पुण्यात बावीस वर्षं प्रॅक्टिस करते. न तपासता निदान करणार नाही, पण तुझ्या प्रश्नांची उत्तरं तुला मिळायला हवीत.

तुझी ती टिंबं सोनोग्राफीपेक्षा जास्त सांगतात. पाळी सुरू झाल्यावर पहिलं वर्ष ती कशीही येते. मेंदू आणि ओव्हरी यांचं एकमेकांशी जुळायला वेळ लागतो. त्यानंतर तिसऱ्या वर्षापर्यंत २१ ते ४५ दिवसांचं अंतर आम्ही ठीक मानतो. तीन वर्षांनंतर २१ ते ३५. आणि पहिलं वर्ष सरल्यावर एकदाही ९० दिवसांच्या वर गेली तर दाखवायचं. तुझ्या पाचपैकी चार पाळ्या ४५ च्या पुढे आहेत, एक ९० च्याही पुढे. म्हणजे पाळी अनियमित आहे, यात शंका नाही.

आता तो रिपोर्ट. तुझ्या वयात ओव्हरी मोठी दिसणं आणि तिच्यात भरपूर फॉलिकल्स (बीज वाढतं त्या बारीक पिशव्या) असणं हे निरोगी मुलींतही सर्रास दिसतं. म्हणून २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आणि त्यांच्या २०२३ च्या सुधारित आवृत्तीतही स्पष्ट म्हटलंय, की पाळी सुरू होऊन आठ वर्षं होईपर्यंत पीसीओएसच्या (तुला सांगितलेल्या पीसीओडीचंच हे नाव) निदानासाठी सोनोग्राफी वापरू नये. एएमएच नावाची रक्ततपासणीसुद्धा या वयात त्यासाठी नको. किशोरवयीन मुलीत दोन्ही गोष्टी हव्यात: अनियमित पाळी, आणि शरीरात अँड्रोजेन (टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी हार्मोन्स) जास्त असल्याची खूण, म्हणजे जाड केस, खूप मुरुमं किंवा रक्तात वाढलेलं टेस्टोस्टेरॉन. एकच असेल तर शिक्का न मारता लक्ष ठेवायचं आणि काही वर्षांनी पुन्हा बघायचं. तुझ्याकडे अनियमित पाळीही आहे आणि हनुवटीचे केसही. तेव्हा निदान बहुधा बरोबरच आहे. ज्या कागदावरून केलं तो कागद चुकीचा आहे. ज्या गोष्टीवरून करायला हवं होतं, ती तुला कुणी विचारलीच नाही, याचं मला वाईट वाटतं.

वरच्या काकूंनी लिहिलंय ते अगदी महत्त्वाचं. पीसीओएस म्हणण्याआधी तसंच दिसणारे दुसरे आजार बाजूला काढावे लागतात. टीएसएच, प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं हार्मोन), सकाळी लवकर घेतलेलं १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन (याने अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा एक जन्मजात आजार कळतो, तो हुबेहूब पीसीओएससारखा दिसतो) आणि टेस्टोस्टेरॉन. तू त्या गोळ्या सुरू केल्या नाहीस हे एका अर्थी सोयीचं झालं, कारण गोळ्या चालू असताना टेस्टोस्टेरॉन मोजून काही कळत नाही.

गाठींचं. त्या गाठी नाहीत. मोगऱ्याचं झाड बघितलंयस ना? दर महिन्याला ओव्हरीत अशा कितीतरी कळ्या एकदम वाढायला लागतात, त्यातली एक उमलते, तेच बीज बाहेर पडणं, आणि उरलेल्या आपोआप सुकून जातात. पीसीओएसमध्ये कळ्या पुष्कळ धरतात पण एकही उमलायच्या टप्प्याला पोचत नाही. काही मिलिमीटरच्या होऊन तिथेच थांबतात. सोनोग्राफीत कडेने दिसतात त्या या थांबलेल्या कळ्या. १९३५ मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी सात बायकांचं वर्णन केलं, तेव्हापासून नजर त्या ‘सिस्ट’वर खिळली ती खिळलीच. हे नाव दिशाभूल करतं, बदला, असं २०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने नेमलेल्या तज्ज्ञांनीही सांगितलं होतं. विरघळवायला तिथे काही नाही, म्हणून काढ्याचा प्रश्नच येत नाही. आणि सोनोग्राफी कधी ‘क्लिअर’ येते, कधी नाही, औषध घेतलं नाही तरी.

मग कळी का थांबते? इथे तुझी मान येते. मानेचा तो काळेपणा मळ नाही, आजीला हे नक्की सांग. त्याला अकॅन्थोसिस म्हणतात. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की स्वादुपिंड जास्त जास्त इन्सुलिन सोडतं, आणि जादा इन्सुलिनमुळे मानेची, काखेची कातडी जाड आणि काळपट होते. घासून ती आणखी जाड होईल, तेव्हा घासणी आजच टाकून दे. हेच जादा इन्सुलिन ओव्हरीला टेस्टोस्टेरॉन जास्त बनवायला लावतं. शिवाय टेस्टोस्टेरॉनला रक्तात बांधून ठेवणारं एक प्रथिन यकृत बनवतं, ते इन्सुलिनमुळे कमी होतं. म्हणजे बनतंही जास्त आणि मोकळंही जास्त फिरतं. मोकळं टेस्टोस्टेरॉन हनुवटीवरच्या बारीक लवेचे जाड केस करतं आणि ओव्हरीतल्या कळीला उमलू देत नाही. मान, हनुवटी आणि कालनिर्णयवरची टिंबं या तुझ्या तीन वेगवेगळ्या चुका नाहीत. एकच धागा आहे. घरात कुणाला मधुमेह आहे का? अनेकदा असतो. यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. वडापाव खाल्ला म्हणून हे होत नाही, आणि सडपातळ मुलींनाही होतं. दर दहा बायकांत साधारण एकीला असतं.

गौरीच्या गोळ्यांनी हे होत नाही. पाच-सहा दिवसांचं ते औषध काही दिवसांत शरीराबाहेर जातं. सणासाठी वरचेवर, न विचारता घेऊ नयेत हे माझं मत आहे, पण तुझ्या आईने हे ओढवून आणलं असं मुळीच नाही. हे तिला नक्की सांग, तिच्या मनात ते असणार. ढोलाचाही काही संबंध नाही. ओव्हरी ओटीपोटात खोल, हाडांच्या आधारात असते. कमरेला बांधलेला ढोल तिथे पोचत नाही. उलट दोन तास उभं राहून ढोल वाजवणं हा असा व्यायाम आहे, की मी तुला तोच लिहून दिला असता. स्नायू काम करतात तेव्हा साखर आत घ्यायला त्यांना इन्सुलिन कमी लागतं. पथक सोडू नकोस.

कॅन्सरबद्दल लपवत नाही. ओव्हरीतल्या कळ्यांचा कॅन्सर होत नाही. पण बीज बाहेर पडलं नाही की गर्भाशयाचं अस्तर वाढत राहतं आणि वेळेवर गळून पडत नाही. असं वर्षानुवर्षं चाललं तर पुढच्या आयुष्यात त्या अस्तराच्या कॅन्सरची शक्यता वाढते. म्हणून निदान दर तीन महिन्यांनी तरी पाळी यायलाच हवी, आपोआप किंवा औषधाने. “लग्नाच्या वेळी बघू” हे मला म्हणूनच पटत नाही.

गोळ्यांवर ‘गर्भनिरोधक’ लिहिलेलं असतं, आणि त्या शब्दापाशी सगळं अडतं. त्यांतलं इस्ट्रोजेन वर सांगितलेलं ते बांधून ठेवणारं प्रथिन वाढवतं, त्यामुळे मोकळं टेस्टोस्टेरॉन कमी होतं. आणि अस्तर दर महिन्याला स्वच्छ होतं. गोळ्या बंद केल्यावर मूल होत नाही हे खरं नाही. सवयही लागत नाही; बंद केल्यावर पाळी पुन्हा लांबते ती मूळ आजारामुळे. मात्र अर्धशिशी असेल, त्यातही आधी डोळ्यांपुढे चमकतं असं असेल, किंवा घरात कुणाला पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगायचं. गोळ्या हाच एक रस्ता नाही. कुणाला काय, हे तपासून ठरतं. मूल होण्याबद्दल तळजाईताईंनी लिहिलंच आहे. पीसीओएस असलेल्या बहुतेक बायकांना मुलं होतात, काहींना बीज उमलायला औषधाची मदत लागते.

झोपेचं तू शेवटी लिहिलंस, पण मी ते आधी वाचलं. या आजारात मन उदास होणं, धास्ती वाटणं हे जास्त दिसतं, आणि त्याबद्दल विचारणं हा तपासणीचाच भाग आहे. नवीन डॉक्टरांना हेही सांग. आणि त्यांना म्हण, माझ्याशी दहा मिनिटं एकटीशी बोला. तो तुझा हक्क आहे. खाजगी फी जड जात असेल तर ससून या सरकारी रुग्णालयात स्त्रीरोगाची ओपीडी आहे, तिथेही या तपासण्या सांगतात.

नदीपात्र_ढोल
११ जुलै, दुपारी ४.२०

सगळ्यांना खूप खूप थँक्यू. डॉक्टर, मी तुमचं चार वेळा वाचलं. मानेचं वाचून मी बाथरूममध्ये जाऊन रडले, वाईट वाटून नाही. गेली दोन वर्षं मला वाटत होतं मी घाणेरडी आहे.

आजीला मधुमेह आहे, बाबांच्या आईला. रोज दोन गोळ्या आहेत तिला. रक्ताच्या तपासण्या माझ्या झालेल्या नाहीत. एक विचारायचंय, भात खरंच बंद करायचा का?

डॉ_सदाशिवपेठ
११ जुलै, रात्री ९.१५

नाही. कुठलाही एक पदार्थ बंद केल्याने हे बरं होत नाही, आणि एकच खास आहार सगळ्यांत चांगला असं सिद्धही झालेलं नाही. भात आधी वाढून घेतेस ना? त्याऐवजी आधी उसळ, कोशिंबीर, मग भाकरी आणि शेवटी थोडा वरणभात. क्लासला उशीर होतो म्हणून सकाळचं उपाशी राहत असशील तर ते मात्र सोड. दुधालाही काही हरकत नाही.

नदीपात्र_ढोल
१७ ऑगस्ट, रात्री १०.०८

उशीर झाला, चाचणी परीक्षा होती. काय काय झालं ते सांगते.

मी धागा आईला दाखवला. तिने चष्मा लावून सगळा वाचला, दोन मुलींच्या आईचं दोनदा. गौरीच्या गोळ्यांबद्दल वाचताना ती थांबली आणि म्हणाली, “मी रोज रात्री हाच विचार करत होते.” म्हणजे आम्ही दोघी शेजारच्या खोल्यांत तेच घेऊन जाग्या होतो.

मग आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, हार्मोन्सच्या. मी कालनिर्णयची पानं फाडून नेली होती, दुधाच्या हिशोबासकट. त्यांनी आईला बाहेर बसायला सांगितलं आणि मला सगळं विचारलं, केस कुठे कुठे येतात, झोप, कॉलेज, कुणी चिडवतं का. हनुवटी बघू का असं आधी विचारलं आणि मग बघितली.

टीएसएच २.१, प्रोलॅक्टिन नॉर्मल, ते १७ वालं नॉर्मल. टेस्टोस्टेरॉन थोडं जास्त. साखरेसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी प्यायला दिलं, इतकं गोड की घशाखाली उतरेना, आणि दोन तास तिथेच बसवलं. मी केमिस्ट्रीची वही नेली होती. उपाशी ९४ आली, ती ठीक आहे. दोन तासांची १४६ आली, ती १४० च्या आत हवी होती. मधुमेह नाही, पण त्या रस्त्याला लागलेय असं त्या म्हणाल्या. पीसीओएस आहे हे त्यांनी मला सांगितलं, माझ्याकडे बघून. आधी तीन महिने आहार, पथक आणि आठवड्यातून दोनदा वजनं उचलायची. साखर तेवढीच राहिली तर मेटफॉर्मिनचं (साखरेवरची गोळी) बघू म्हणाल्या. केसांसाठी त्या गर्भनिरोधक गोळ्या घ्यायच्या का ते मी ठरवायचं, घाई नाही. मी अजून ठरवलेलं नाही.

आजीला मी मानेचं समजावलं. इन्सुलिनचं सगळं सांगितलं, डॉक्टरांनी लिहिलंय तसं. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने अंबाडा वर उचलून मला पाठमोरी होऊन विचारलं, “माझं पण तेच आहे का गं?” तिची मान माझ्यापेक्षा काळी आहे. म्हणाली, लग्न होऊन आले तेव्हापासून आहे, सासूबाई चुलीची राख लावून घासायला लावायच्या. पुढच्या वेळी तिलाही डॉक्टरांकडे नेणार आहोत.

आता पाळीला शंभरच्या वर दिवस झालेत, म्हणून डॉक्टरांनी दहा दिवसांच्या गोळ्या दिल्यात, त्या संपल्यावर आठवड्याभरात येईल म्हणाल्या. गोळ्या आणल्या त्या दिवशी आईने कालनिर्णयवर मोजलं. बरोबर गौरी जेवणाच्या दिवसांत येते. आई त्या चौकोनावर बोट ठेवून बराच वेळ उभी होती. मला वाटलं, आता म्हणणार की सण झाल्यावर सुरू कर.

ती म्हणाली, “आज रात्रीपासूनच घे. पुरणाचं मी आणि आत्या बघून घेऊ.”

आज चौथी गोळी घेतली. पेन्सिल कालनिर्णयच्या खिळ्याला दोऱ्याने बांधून ठेवलीये.